डाव्या खांद्याची रायफल : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

दुपारपासून बर्फाचा इशारा आहे. बाहेर जायचं नाही म्हणून गॅरेजमधलं टेबल मोकळं केलं आणि ही वही उघडली. यंदा सुट्या भागांच्या किटमधून एक रायफल जोडायची आहे. आयुष्यातली पहिलीच. लाकडाला पटाशी लागायला अजून चार-पाच महिने आहेत, पण आत्ता ठरेल तेच पुढे हातात येणार, म्हणून ठरवण्याच्याही नोंदी ठेवतोय.

कोणती रायफल ते आधी लिहितो. इथे अमेरिकेत रायफल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काडतुसांची काळी बंदूक येते. मला हवी आहे ती चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी, तोंडाकडून ठासायची, एकाच बाराची आणि लांब नळीची. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात बनायची तशी. नळीत मापाने दारू ओतायची, कापडाच्या चकतीत धरलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत सारायची, नळीलगतच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायचं, घोडा ओढायचा आणि मग नेम धरायचा. दुसरा बार भरायला सावकाश माणसाला मिनिटभर सहज लागतो.

मूळ कारण आजोबा. आमचं घर सिंधुदुर्गात. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, केपाची, म्हणजे गारगोटीऐवजी घोड्याखाली स्फोटक टोपी फुटून पेटणारी. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, काजूच्या दिवसांत माकडं. बंदूक माजघरात उंच खुंटीवर असे आणि आम्हा पोरांना तिला हात लावायची मुभा नव्हती. फक्त आजोबा नळी धूत तेव्हा कढत पाण्याची कळशी धरायचं काम माझ्याकडे असे. नळीतून काळं पाणी यायचं आणि त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास यायचा. तीस वर्षांनी तोच वास मला इथल्या एका क्लबच्या रेंजवर आला. एक गृहस्थ चकमकीची रायफल धूत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन नुसता उभा राहिलो. पुढच्या महिन्यात त्या क्लबचा सभासद झालो.

ते गृहस्थ आमच्या दोन गल्ल्या पलीकडेच राहतात. जन्मभर फर्निचर केलं, आता निवृत्त आहेत. माझी लेक त्यांना सुतारकाका म्हणते आणि तेही त्या नावाला ओ देतात.

७ जानेवारी, रविवार

कायद्याची बाजू आज संपवली. १९६८ च्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधीची शस्त्रं आणि काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुका 'जुनी शस्त्रं' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत, त्यामुळे असं किट पेनसिल्व्हेनियात घरी मागवता येतं. पण प्रत्येक राज्याचं वेगळं. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं की नियम फार कडक होतात. भारतात तर याच वस्तूला १९५९ चा शस्त्र कायदा लागू, परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा. म्हणजे ही रायफल कधी कोकणात जाणार नाही. इथेच बनेल, इथेच राहील.

पहिली खरेदी म्हणून कुलपाचं लोखंडी कपाट ठरलं. घरात अकरा वर्षांची मुलगी आहे. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं झाल्याशिवाय एकही भाग मागवायचा नाही, असं बायकोला शब्द दिलाय.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत, आणि इथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. तिळगूळ घेऊन सुतारकाकांकडे गेलो. दोन तास बसलो. विषय एकच: कोणत्या ढबीची रायफल?

मला वाटायचं पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल म्हणजे एकच वस्तू. तसं नाही. जर्मन आणि स्विस कारागीर आपल्याबरोबर आखूड, जाड नळीची, मोठ्या गोळीची शिकारी रायफल घेऊन आले. इथे आल्यावर नळी लांबत गेली, चाळीस इंचांच्या पुढे, आणि गोळी बारीक होत गेली, कारण शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यायची आणि जंगलात महिनोन्‌महिने पुरवायची. त्यातही लँकेस्टरची धाटणी वेगळी, रीडिंगकडची वेगळी, आणि आमच्या लीहाय खोऱ्यातली आणखी वेगळी. दस्त्याच्या, म्हणजे रायफलीच्या लाकडी अंगाच्या, खालच्या रेषेला कुठे बाक आहे, त्यात कोरलेली पितळी झाकणाची पेटी कशी आहे, एवढ्यावरून जाणकार माणूस गाव सांगतो. आपल्याकडे लुगड्याच्या काठावरून पेठ ओळखणारी माणसं असत, तसंच.

मी राहतो ते बेथलेहेम १७४१ साली मोरावियन पंथाच्या लोकांनी वसवलं. त्यांचीच नाझरेथजवळ क्रिश्चियन्स स्प्रिंग नावाची वसाहत होती, आणि १७६० च्या दशकात तिथे बंदुकांचं दुकान चाललं. आंद्रेआस आल्ब्रेख्ट तिथले उस्ताद, क्रिश्चियन ओर्टर त्यांचे शिष्य. ओर्टर यांनी नळीवर नाव आणि १७७५ साल कोरलेली एक रायफल १९७१ साली व्हॅली फोर्जमधून चोरीला गेली आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी परत मिळाली. हे सांगताना सुतारकाकांचा आवाज बदलला होता. चोरी झाली त्याच्या आधी ती काचेपलीकडून त्यांनी पाहिलेली आहे.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची पलटण उभी होती, आणि मराठी फौजेतल्या इतर कितीतरी जणांच्या हातात अजून तोड्याची बंदूक होती. पेटती दोरी जपत लढायचं. त्याच काळात माझ्या आजच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर ही माणसं दोरीशिवाय, गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी रायफल घडवत होती. कालच पानिपतच्या लढाईचा दिवस होता.

ठरलं: लीहाय खोऱ्याची ढब. साधी, कोरीवकाम नाही, पेटीला पितळेऐवजी सरकतं लाकडी झाकण. जुन्या रायफलींना ते असायचं, आणि पहिल्या कामात पितळेचं बिजागर बसवायची माझी तयारी नाही.

२७ जानेवारी, शनिवार

किट तीन प्रकारची मिळतात. स्वस्तातली चार-पाचशे डॉलरांत येतात, दोन तुकड्यांचा दस्ता, सगळं जवळजवळ बसवलेलं. घासून रंग द्यायचा, झालं. दुसरी संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेली, हजाराच्या वर. त्यांत भाग इतके नेमके बसतात की नवख्याच्याही हातून रायफल देखणी होते. तिसरा प्रकार म्हणजे ओबडधोबड आकार दिलेला मेपलचा दस्ता, वेगळी नळी, वेगळं लॉक (दस्त्याच्या कडेला बसणारी घोडा, गारगोटी आणि वाटीची ठिणगी पाडणारी यंत्रणा) आणि ओतीव पितळेचे भाग. नळीची खाच यंत्राने पाडलेली, बाकी सगळं आपण पटाशीने कोरून बसवायचं.

माझा कल दुसऱ्याकडे होता. पैसे बाजूला ठेवले होते. आज फक्त अंगाचं माप घ्यायचं होतं. कोपर काटकोनात वाकवून दंडाच्या आतल्या बाजूपासून चापावरच्या बोटापर्यंत सव्वातेरा इंच आलं. माझी उंची पाच फूट पाच, तेव्हा तयार दस्ता अर्धा-पाऊण इंच लांब पडेल, एवढंच वहीत लिहायचं होतं.

मग सुतारकाका म्हणाले, डोळा तपासून घे. दोन्ही हात पुढे लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटा त्रिकोण ठेवायचा आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग एकेक डोळा मिटायचा. मी डावा मिटला, घड्याळ गेलं. उजवा मिटला, घड्याळ जागच्या जागी. सात-आठ वेळा केलं. प्रत्येक वेळी तेच.

मी उजव्या हाताने जेवतो, लिहितो, क्रिकेटमध्ये उजव्या हाताने फलंदाजी केली. आणि माझा नेमाचा डोळा डावा आहे.

यंत्रावर कापलेली किटं ज्यांच्याकडे पाहिली, त्यांच्याकडे मला हव्या त्या ढबीत फक्त उजवं लॉक आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्याचा विचार बाजूला ठेवून हात चालवला. सुतारकाकांनी अक्रोडाचा तुकडा आणि लॉकच्या आकाराची पोलादी पट्टी दिली. ही पट्टी लाकडात अशी बसव की कडेला कागदही जाऊ नये, म्हणाले.

काम असं असतं. पट्टीला रंगाचा पातळ हात द्यायचा, लाकडावर दाबायची, उचलायची. जिथे रंग उमटला तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा दाब. इथले लोक नळीतली निळी शाई वापरतात. माझ्याकडे नव्हती, म्हणून देवघरातलं निरांजन घेतलं, पट्टी ज्योतीवर धरली. आजी बाळांसाठी काजळ धरायची तसंच. काजळी इतकी बारीक बसते की लाकडावर केसाएवढा उंचवटाही दिसतो. सुतारकाकांनी दोनदा करून पाहिलं आणि पुढच्या वेळी तुपाची वात त्यांच्यासाठीही आणायला सांगितली.

पहिल्या खाचेला चार तास लागले. एका कडेला फट राहिली, कारण घाईने पटाशी आकारावर सरळ मारली. आधी आत, रेषेपासून दूर मारायची आणि रेषेकडे सरकत यायचं, हे तुकडा खराब झाल्यावर कळलं. अंगठ्याला एक टाका. पटाशीच्या पुढे दुसरा हात नसावा, हे लेकीला शंभर वेळा सांगितलेलं वाक्य आज मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि तिचं बरोबर होतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

रेंजवर. सुतारकाकांची उजव्या लॉकची रायफल, आधी उजव्या खांद्याला लावून आणि डावा डोळा मिटून पन्नास यार्डांवर पाच बार. गोळ्या कागदावर लागल्या, पण पसरून. डोळा मिटला की चेहरा आवळतो, आणि चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत जो क्षणभर अवकाश असतो त्यात आवळलेला चेहरा हलतो.

मग तीच रायफल डाव्या खांद्याला. दोन्ही डोळे उघडे. नळीच्या टोकावरची नेमाची माशी आपोआप मागच्या खाचेत येऊन बसली. असं मला याआधी कधी झालेलं नाही. पण लॉक उजवीकडे, म्हणजे डाव्या खांद्यावर घेतल्यावर माझा डावा गाल लॉकच्याच बाजूला. रंजक भडकलं ते थेट डोळ्यांसमोर. चष्मा होता. तरी पहिल्या बारानंतर गालावर ऊब जाणवली आणि दुसऱ्या बाराला मान आपसूक मागे गेली. गोळी कुठे गेली कळलं नाही. तिसरा बार सुतारकाकांनीच भरू दिला नाही.

क्लबातल्या चार जणांची चार मतं पडली. दोघे म्हणाले उजवीच घे, डोळ्याला सवय होते, सहा महिने काढ. एकाने चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट टेप लावायचा उपाय सांगितला, बरेच जण तसं करतात. डावं लॉक घे असं एकच जण म्हणाला, आणि तो स्वतः डावरा आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

लाकडाच्या वखारीत गेलो. अजून काही ठरलेलं नाही, पण लाकूड बघायला शिकायचं होतं. दस्त्यासाठी लाटांच्या रेषांचा मेपल घेतात. रेषा पाहून माणूस भुलतो आणि महत्त्वाची गोष्ट राहून जाते: दस्त्याची मान, म्हणजे जिथे मूठ बसते तो सगळ्यांत बारीक भाग. तिथे लाकडाचे धागे मानेच्या लांबीतून धावले पाहिजेत. ते तिरके होऊन कडेला बाहेर पडत असतील तर रायफल एक दिवस तिथेच मोडणार. जुन्या रायफलींच्या मानेला पितळी पत्रा ठोकलेला किंवा कातडं आवळलेलं दिसतं, त्याचं कारण हेच.

मी दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून हौसेने एक फळी घेऊन ठेवली होती. काय रेषा होत्या! ती आज सुतारकाकांना दाखवली. त्यांनी बोट ठेवलं तिथे धागा मानेतून सरळ खाली उतरून बाहेर पडत होता. फळी विकताना त्या माणसाला हे दिसत होतंच. आता तिची पाटी-स्टँड होईल, पोळपाट होईल, दस्ता होणार नाही.

२ मार्च, शनिवार

नळी ठरवली. हे तुलनेने सोपं गेलं. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा चकमकीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम आहे, नाताळनंतर थंडीत, आणि त्याला नळी किमान .४४ ची लागते (हा नळीच्या आतला व्यास, इंचांत). मी शिकारीला जाईन असं वाटत नाही, पण वस्तू त्या नियमात बसणारी असावी. म्हणून .५०. गोळी .४९० ची, साधारण साडेअकरा ग्रॅम शिसं, भोवती गादीच्या जाड कापडाची चकती. नळीच्या आतले आटे गोल गोळीसाठी सावकाश वळणारे, ६६ इंचांत एक वेढा. लांबी ४२ इंच.

नळी सरळसोट अष्टकोनी घ्यायची नाही. मागे जाड, मधे कंबरेसारखी बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेली घ्यायची. वजन एक-दीड पौंडाने कमी होतं आणि तोल डाव्या-उजव्या दोन्ही हातांच्या मधोमध येतो. मागचं बूच नळीवाल्याकडूनच आटे पाडून बसवून घेणार. दारूचा सगळा दाब त्या बुचावर येतो, आणि ते काम शिकण्याची जागा माझं गॅरेज नाही.

लॉकच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्हच आहे. उजवं, टेप लावून? तीन आठवडे मी स्वतःला हेच पटवतोय. स्वस्त पडेल, यंत्राचं किट घेता येईल, चुका कमी होतील.

१७ मार्च, रविवार

काल भारतात लोकसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. आज सकाळी गावी काकांना फोन केला, नेहमीचा रविवारचा. आजोबांमागे परवाना काकांच्या नावावर आहे. ते म्हणाले, "इलेक्शन इला मां, आता बंदूक ठाण्यात जमा करूक व्हयी." दर निवडणुकीला हेच असतं. काजूचे दिवस, माकडं आहेत, आणि बंदूक ठाण्यात.

मी माझ्या रायफलीचं सांगितलं, डोळ्याचंही सांगितलं. सहज विचारलं, आजोबा कुठल्या खांद्याला लावायचे?

काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा डावरे. डाव्याच खांद्यार लायत."

मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना बंदूक धुताना पाहिलंय, बार काढताना कधीच नाही, ते रात्री मांगरात बसायचे. जेवायचे, पूजा करायचे उजव्या हाताने. लहानपणी शाळेत पट्टी मारून हात बदलला होता, काकांनी सांगितलं. कोयता मात्र डावाच.

आणि बंदूक उजवी. डाव्या माणसासाठी वेगळी बंदूक असते हे त्यांना कोण सांगणार? असती तरी कुठे मिळणार होती?

मग मी गालाचं विचारलं. आजोबांच्या डाव्या गालावर, डोळ्याखाली, काळपट निळे ठिपके होते. पाच-सहा. मांडीवर बसून मी ते बोटाने मोजायचो. आजी म्हणायची देवाने दिलेलं गोंदण आहे, आणि मी चाळीस वर्षं तेच धरून चाललो होतो.

"गोंदण नाय ता," काका म्हणाले. "दारू ती. केप फुटलो की सगळी आग गालार."

फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅरेजमध्ये बसलो. वहीच्या २ मार्चच्या पानावर जाऊन प्रश्नचिन्ह खोडलं. डावं.

२३ मार्च, शनिवार

मागणी नोंदवली. तिसऱ्या प्रकारचं किट: सुटे भाग, अर्धवट कोरलेला दस्ता, डावी खाच मी पाडणार. लॉक सायलर धाटणीचं मोठं, डाव्या बाजूचं. हे लॉक दोन्ही हातांचं मिळतं आणि अठराव्या शतकातल्या जर्मन ढबीच्या लॉकसारखं आहे, म्हणजे माझ्या रायफलीला शोभेल. यंत्राच्या किटपेक्षा एकूण खर्च दीडशे-दोनशे डॉलर जास्त आणि काम कितीतरी पट जास्त. दस्ता मेअखेर मिळेल, नळी त्याच्या थोडी आधी.

कामाचा क्रम सुतारकाकांबरोबर बसून लिहिला. नळी आणि तिची मागची शेपटी सगळ्यांत आधी, कारण बाकी प्रत्येक माप तिच्यावरून घ्यायचं. मग लॉक. लॉकची जागा रंजकाच्या वाटीवरून ठरते: बत्तीचं भोक, जुन्या भाषेत बंदुकीचा कान, बुचाच्या तोंडापुढे उघडलं पाहिजे आणि वाटीच्या मधोमध आलं पाहिजे. इथे मिलिमीटरभर चूक झाली तर रंजक भडकेल आणि बार होणारच नाही. मग चाप. मग मागची पितळी पट्टी, आणि तिच्याबरोबर दस्त्याची लांबी सव्वातेरा इंच कापायची. नळी धरणाऱ्या खिळ्यांची भोकं नळीखालच्या कड्यांमध्ये थोडी लांबट करायची, कारण पावसाळी हवेत लाकूड लांबतं-आखडतं आणि पोलाद तसं करत नाही. खिळा घट्ट बसवला तर दस्ता चिरेल.

मला सगळ्यांत भीती वाटते ती लॉकच्या पुढच्या स्क्रूची. वर नळीची खाच, खाली गजाचं भोक, आणि मधे जेमतेम काही मिलिमीटर लाकूड. स्क्रू बरोबर तेवढ्याशा लाकडातून आरपार जायचा असतो. जरा वर गेला तर नळीत, खाली गेला तर गज अडणार. गजाचं लांब भोक पाडताना ड्रिल लाकडात भटकतं, म्हणून आखणी कागदावर न करता प्रत्यक्ष दस्त्यावर, भोक कुठे गेलंय ते तपासूनच करायची. हा स्क्रू बसला की मी घरी पुरणपोळी करायला सांगणार आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

घरून काम. साडेदहाच्या आधी कॉफीच्या वेळात टेबलावर कागद पसरून दस्त्याची पूर्ण मापाची आकृती काढत होतो. मूठ जिथे येते तिथला बाक काढताना टेबल थरथरलं, भिंतीवरच्या पटाश्या एकमेकींवर वाजल्या. न्यू जर्सीत भूकंप, ४.८. सगळे सुखरूप. रेषा वाकडी गेली, पुसून पुन्हा काढली.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी अंगणात उभारली, संध्याकाळी उतरवल्यावर लेकीला आकृतीपुढे बसवलं. कागद पाच फूट लांब आहे, दोन टोकांना दोन माणसं लागतात. तिने विचारलं, सगळ्या चित्रांमध्ये लॉक उजवीकडे आहे, मग आपलं उलटं का? तिला आजोबांच्या गालाची गोष्ट सांगितली. तिने थोडा विचार केला आणि दोन्ही पंजे पुढे करून त्रिकोण केला, गुढीच्या तांब्याकडे पाहिलं. तिचाही डावा.

रंगकामाचंही आज ठरवून टाकलं. मेपलला जुने कारागीर नत्राम्लात विरघळलेल्या लोखंडाचं पाणी द्यायचे, मग निखाऱ्यावर तापवायचे. लाकूड आधी हिरवट आणि तापल्यावर तांबूस तपकिरी होतं, लाटा वर येतात. तयार द्रावण मिळतं, तेच घेणार, आणि काम घराबाहेर, हातमोजे घालून. वरून जवसाचं तेल, पातळ, दहा-बारा हात. तेलाचे बोळे गोळा करून डब्यात टाकायचे नाहीत, ते आपोआप पेट घेतात. एकेक उलगडून बाहेर दोरीवर वाळवायचे.

नळीला मुद्दाम गंज चढवायचा आहे. द्रावणाचा हात द्यायचा, दमट हवेत ठेवायची, आलेला गंज घासायचा, पुन्हा हात द्यायचा, तपकिरी एकसारखी होईपर्यंत. आजोबा चार महिने पावसात रोज खोबरेल चोळून नळी गंजापासून राखायचे. मी इथे जुलैच्या दमट हवेची वाट बघणार.

२७ एप्रिल, शनिवार

लॉक आलं. बाकी काही नाही, नुसतं लॉक, मेणकागदात गुंडाळलेलं. आज प्रथमच माझ्या हातात असं लॉक आहे ज्याची आतली बाजू माझ्या उजव्या पंज्यात बसते आणि घोडा डाव्या अंगठ्याखाली येतो.

भाग सुटे करून पाहिले. मोठी स्प्रिंग काढायला वेगळा शिकंजा लागतो, तो सुतारकाकांचा आणला. घोडा, घोड्याचा गुंडा, त्याच्या दोन खाचा, त्यांत अडणारी जीभ. पहिल्या खाचेत घोडा अर्धा उभा राहतो आणि चाप ओढूनही पडत नाही, ती सुरक्षेची. दुसरी बाराची. दोन्ही खाचांना मी कानस लावणार नाही, लॉकवाल्याने जशा कडक करून दिल्यात तशाच राहतील. पुन्हा जोडलं, तेलाचा थेंब दिला, गारगोटीला कातड्याची घडी देऊन घोड्याच्या जबड्यात आवळली.

रात्री जेवणं झाल्यावर गॅरेजचे दिवे बंद केले. लेक आणि बायको दाराशी. लॉक लाकडी शिकंज्यात धरलं, दारू घरात नाहीच, वाटी कोरडी. घोडा ओढला, सोडला. गारगोटी पोलादी पानावर घासत खाली आली, पान उघडलं आणि पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झुबका वाटीत पडला, क्षणभर तिथेच सळसळला. सगळा डावीकडे, माझ्या चेहऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. पुन्हा केलं. आठ वेळा केलं, आठही वेळा ठिणगी वाटीत.

लेकीने अंधारात व्हिडिओ घेतला, तो काकांना पाठवला. तिकडे रविवारची पहाट होती, तरी उत्तर लगेच आलं. "बाबांक अशी व्हयी होती."

लॉक पुसून तेल लावून कपाटात ठेवलं. गारगोटीची धार किंचित बोथट झालीय, पुढच्या आठवड्यात सुतारकाका ती पुन्हा धारेला आणायला शिकवणार आहेत. नळी मेच्या तिसऱ्या आठवड्यात.